रस्ता सुधारतोय

अमेरिकेतल्या अर्विंगमधल्या देशी बाजाररस्त्याचा धंदा वाढावा म्हणून दुकानदारांच्या मंडळानं झाडं लावली, दिवे लावले, गार्ड नेमले. गार्डांचा हट्ट भाजी-किराणावाल्या यतीनचा. "फुटपाथवर भिकारड्यानं बूड टेकलं की हाणा! गिऱ्हाईक पळतं," असं त्यानं मीटिंगमध्ये टेबल बडवून सांगितलं होतं.

आज बाहेर दांडकी वाजली, तेव्हा भेंडी तोलता तोलता तो गिऱ्हाईक काकूंना म्हणाला, "बघा काकू, कसा रस्ता क्लीन होतोय!"

तेवढ्यात त्याचे बाबा रांगत आत आले. नागपूरहून कालच आलेले, दुकानापुढे उन्हाला उकिडवे बसलेले. डोकं फुटलं होतं, तरी त्यांनी पाठ लावून दार दाबून धरलं.

"मागच्या दारानं पळ, पोरा! तुझ्या दुकानावर गुंड चालून आलेत!"