माझी ना नाही

“शी! असं कुणी लिहितं?” वर्ग जिला तोफ म्हणे, ती मुलगी बाकावरून उठलीच. “बाई, मला भयंकर राग आलाय!”

वर्ग हसला. इंग्रजीच्या बाई हसल्या नाहीत. उद्या पेपर, म्हणून आज उजळणी होती. क्लेम म्हणजे लेखकाचं म्हणणं, एव्हिडन्स म्हणजे पुरावा, आणि त्यांच्या मागून येणारी असल्या शब्दांची सगळी फौज. एरवी बाई पुस्तकातला उतारा घ्यायच्या. आज पुस्तक न उघडताच त्यांनी फळ्यावर इंग्रजीत सरसर लिहून काढलं होतं:

तिचं इथे छान चाललंय. मग इतक्या लांब जाऊन आणखी शिकायची गरजच काय? घराकडे कोण बघणार? माझी ना नाही. मला फक्त तिची काळजी वाटते.

“रागाला मार्क नसतात,” बाई म्हणाल्या. “क्लेम सांग.”

“तिने जाऊ नये.”

“कुठे लिहिलंय तसं?”

“तेच तर! लिहायची हिंमत नाही. ‘माझी ना नाही’ म्हणे! ना नाही तर गप्प बस की!”

“एव्हिडन्स?”

“शून्य. नुसते प्रश्न, आणि उत्तरं त्याला नकोच आहेत. वर काळजीचा मुलामा, म्हणजे इमोशनल अपील. बाप असेल नाहीतर भाऊ. कुणीही असो, डोक्यात जातोय!”

“पण घराकडे कोण बघणार, हा प्रश्न खोटा आहे का?”

बाईंची ही खोडच होती. पोरं जी बाजू घेतील, तिच्या विरुद्ध त्या उभ्या राहायच्या. याच खोडीने वर्षभरात या मुलीची तोफ झाली होती. त्याआधी हजेरीलासुद्धा तिचा आवाज फुटत नसे.

“बाईंचं बरोबर आहे,” मागून एक मुलगा बोलला. सगळ्यात तोंड घालायचा म्हणून वर्ग त्याला वकील म्हणे. “जबाबदारी नको का काही?”

“तू बस रे! तुझा डबा कोण धुतं, आधी ते सांग.”

“आई,” वकील पुटपुटला आणि बसला. बाकं दणाणली.

टेबलावर उपडा ठेवलेला बाईंचा फोन थरथरला. बाईंनी तिकडे पाहिलं नाही.

“समज, तो म्हणाला, ‘पुढच्या वर्षी जा.’ मग?”

“मग पुढच्या वर्षी म्हणेल, त्याच्या पुढच्या वर्षी!”

“आणि चिडला तर? बोलणंच टाकलं तर?”

“तुम्ही त्याची बाजू का घेताय, बाई?” तोफेचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणी होतं, रागाचं. “चिडणं हा काय पुरावा झाला? तिने वाद घालत बसूच नये. ‘तुमच्या म्हणण्याला पुरावा नाही, मी जातेय.’ एवढंच बोलावं आणि बॅग भरावी!”

टाळ्या पडल्या. वकीलही वाजवत होता.

बाईंच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते. “पैकीच्या पैकी,” त्या म्हणाल्या.

तोफ फुलून गेली. “बाई, पुढच्या वर्षीही तुम्हीच ना आम्हाला? वादविवादाचा कप आणायचाय आपल्याला. तुम्ही नसलात तर आमच्याकडे कोण बघणार?”

बाई फळा पुसायला लागल्या. फोन पुन्हा थरथरला. या वेळी त्यांनी उचलला.

“हो, वर्गातच आहे,” त्या म्हणाल्या. “अहो, तुमच्या म्हणण्याला पुरावा नाही. मी जातेय.”