आतलं ठिगळ

जुनी मोटारबोट तलावाच्या काठावर चार टायरांवर कलती करून ठेवली होती. शालीकरामनं तळाच्या भोकात हात घातला, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. कड गुळगुळीत होती. पाण्याखालच्या झाडाच्या खुंटाला आपटून फुटलेल्या फायबरची कड अशी नसते. तिच्या चिंधड्या होतात, हाताला काटे भरतात. इथं तर बाहेरच्या निळ्या रंगावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

मग मागच्या सीटखालच्या चिखलात ते सापडलं. त्यानंच लावलेलं ठिगळ. जेवणाच्या ताटाएवढं, अख्खं, कुठं तडा नाही की काही नाही. काचतंतूंच्या मॅटचे चार थर, वरच्या रेझिनमध्ये त्याच्याच ब्रशचे फराटे.

शालीकराम कुडवा गावचा. बावीस वर्षं पाण्याच्या टाक्या दुरुस्त करतोय. टाकी फुटली की आत उतरायचं, घासायचं, आतून ठिगळ लावायचं. मग पाणीच त्याला दाबून धरतं. बोट त्यानं जन्मात एकदाच दुरुस्त केली, दिवाळीआधी, ती हीच. आणि टाकी समजूनच केली! बोटीला पाणी बाहेरून ढकलतं, हे कुणीही सांगितलं असतं. विचारलं कुणाला? तलावाच्या मधोमध पाण्यानं ठिगळ आत लोटलं, बोट भरली, एक सहा वर्षांची पोरगी बुडाली आणि तिला काढायला गेलेला ओमेश, बोट चालवणारा, तोही वर आला नाही.

पंचनाम्यात लिहिलं होतं, बोट पाण्यातल्या खुंटावर आपटली. बोटीत कुणा पर्यटकाची बाटली सापडली, त्यावरून बाकीचं गावानं लिहिलं: ओमेश प्यायलेला होता.

"झालं का पाहून?" ठेकेदार दुर्गाप्रसाद मोटारसायकलवरूनच ओरडला. "संडेला पार्टी येऊन राहिली, भाऊ. पोलीसवाल्यांचं सगळं झालं. फटाफट भर अन् रंग मार."

"हाव," शालीकराम म्हणाला. मोटारसायकल गेली.

तेवढ्यात तलावाच्या बांधावरून दुर्पता येताना दिसली. ओमेशची आई. शालीकरामनं हातातलं ठिगळ पटकन जमिनीवर टाकलं आणि त्यावर बसला. पन्नाशीचा माणूस, चोरलेला आंबा लपवावा तसा बसला! पण बसला खरा.

ती सरळ भोकासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, तुमी कारागीर आहा. मले खरं सांगा. हे खुंटानंच फुटलं का?"

शालीकराम ठिगळावर आणखी दाबून बसला.

"माह्या ओमेशले मोहाच्या दारूचा वास आला तरी ओकारी ये. अन् खुंट कोनता कुठं हाये, ते त्याले झोपेत बी मालूम. उन्हाळ्यात पानी आटलं का थोच त जाये तिथं लाकडं तोडाले. गाव म्हनते, पिऊन लेकरू मारलं. तेरवीले अकरा मान्सं आले, दादा. अकरा! मी घरोघरी भांडून राहिली. तुमी निस्तं म्हना, खुंट नोहोता. मी आत्ता सरपंचाले आनतो इथं."

सांगून टाकावं की! चार शब्द. खुंट नव्हता, मी होतो. शब्द ओठांपर्यंत आलेही. मग डोळ्यांपुढे पोलीस आले, कुडव्याचं दुकान आलं, कधी न पाहिलेली ती बुडालेली पोरगी आली. भेकड म्हणा, नाहीतर काय म्हणायचं ते म्हणा.

"खुंटच दिसते, बाई," तो म्हणाला.

दुर्पता रडली नाही, ओरडली नाही. पदरानं तोंड पुसलं. गावाशी भांडताना इतके दिवस ताठ धरलेली मान तेवढी खाली गेली.

"मंग त्याचीच चूक," ती म्हणाली. "मीच गावाले उगा शिव्या देल्या."

शालीकरामला वाटलं, आता जाईल. जावी एकदाची. पण ती तिथंच दगडावर बसली.

"पक्कं लावजा, दादा. रविवारपासून माहा लहाना पोरगा गुलशन चालवते ही बोट. ठेकेदारानं ठेवलं त्याले. नाई म्हनू त खाऊ काय?"

शालीकराम उठला. उठताना त्यानं ठिगळावर पोतं ओढलं आणि ग्राइंडर सुरू केला. बोटीच्या बाहेरच्या अंगाला बसून भोकाभोवतीचा वीतभर निळा रंग खरवडून काढला, आतलं फायबर उघडं पडेपर्यंत. भोकामागे पत्रा टेकवला. मॅट कापली, रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर टाकून ढवळलं. एक थर चढवला, बुडबुडे दाबून काढले, दुसरा चढवला. काम चोख चाललं होतं. इतकं चोख काम त्यानं कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

दुर्पता बघत बसली होती. मग उठून जवळ आली. ओल्या मॅटकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"मांगच्या टायमाले मी ओमेशचा डबा घेऊन आली होती," ती म्हणाली. "तवा तुमी बोटीच्या आत बसून ठिगळ लावून राहिले होते ना, दादा? आता बाहेरून काऊन?"