सासूबाईंचा अबोला

"आई, मास्कचे बंद दोन बोटं जास्त कापा. लोकांच्या कानामागं ओढतात म्हणे," धाकटी सून शिलाई मशीनवरून म्हणाली.

समोर बसलेल्या सासूबाईंनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. "हो," म्हणाल्या. आणि पुढचे सगळे बंद पहिल्याच मापानं कापले.

धाकटीनं ओठ घट्ट मिटले. मास्कच्या आत कुणाला दिसतंय?

सफाई कामगारांसाठी मास्क शिवायचं काम तिनंच अंगावर घेतलं होतं. मंडळाचा माणूस सोमवारी दाराशी कापड ठेवून जायचा, शनिवारी गठ्ठा उचलायचा. सासूबाई कापायच्या, इस्त्रीनं चुण्या पाडायच्या. ती टीप मारायची. नवरा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, रोज नमुने हाताळणारा. घरात सासूबाई सत्तरीच्या आणि लेक दीड वर्षाची. म्हणून साथीच्या पहिल्याच आठवड्यात धाकटीनं नियम केला: आईंसमोर मास्क काढायचा नाही. ती आणि नवरा जेवायचेसुद्धा आतल्या खोलीत, दार लोटून.

सुरुवातीला बरं चाललं. मग सासूबाई हळूहळू मिटत गेल्या. पूर्वी भाजी निवडताना दोघी समोरासमोर बसून अख्ख्या जगाची धुणी धुवायच्या. आता दहा वाक्यांना एक "हो." तेही सांगितलेलं न करण्यासाठी.

त्यांचा करडेपणा तिला नवा नव्हता. लग्नानंतर चौथ्या दिवशीच त्यांनी सुनावलं होतं, "तोंड वर करून बोल. पुटपुटलेलं मला खपत नाही." तेव्हापासून तीही घरातल्या इतरांसारखी पुढ्यात जाऊन, नीट उभं राहून त्यांच्याशी बोलू लागली. धाकच तसा होता.

आणि ऐकलं नसेल म्हणावं, तर तीही सोय नव्हती. तीस वर्षं त्या तयार कपड्यांच्या कारखान्यात मुकादम होत्या. त्यांची जुनी मैत्रीण एकदा घरी आली तेव्हा हसत म्हणाली होती, "सासूसमोर जपून हो पोरी! तीनशे मशिनींचा गोंगाट, आणि हॉलच्या त्या टोकाला कोण हिच्या नावानं खडे फोडतंय, ते हिला इथं बसून कळायचं."

"मशीन त्यांचं आहे ना," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "मी बसते, ते खुपतंय."

"वय झालंय गं. सोडून दे."

तिनं सोडून दिलं. अगदी त्या दुपारपर्यंत.

"आई, मी गच्चीवर कपडे वाळत घालून येते. हिच्याकडे लक्ष ठेवा."

"हो."

ती खाली आली तेव्हा न्हाणीघराचं दार वाऱ्यानं लागलेलं होतं आणि आतून लेक किंचाळत होती. रडून रडून घसा बसलेला, पालथ्या बादलीच्या पाण्यात लोळण. तीन पावलांवर सासूबाई पाठ करून निवांत इस्त्री फिरवत होत्या.

धाकटी ओल्या लेकीला कडेवर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिली. सासूबाई दचकल्या, इस्त्री बाजूला ठेवून लेकीला घ्यायला हात पुढे केले. धाकटी मागे सरली.

"एवढा राग? माझा राग लेकरावर काढायचा? आई, तुम्हाला इथं जड होत असेल तर थोडे दिवस भाऊजींकडे जाता का?"

सासूबाई तिच्या डोळ्यांत बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हो."

संध्याकाळी बॅग भरलेली पाहून मात्र त्या गोंधळल्या. "कुणाची तयारी?"

"आत्ता तर हो म्हणालात ना!"

कापलेले तुकडे सासूबाईंनी मापाप्रमाणे लावून मशीनवर ठेवले. मोठे दीर न्यायला आले. दारात त्या थांबल्या. "माझं काही चुकलं असेल तर सांग बाई."

"नाही हो आई, तसं काही नाही," धाकटी म्हणाली.

तरीही त्या तिच्या तोंडाकडे पाहत तशाच उभ्या राहिल्या, जणू उत्तर अजून यायचं होतं. मग जिना उतरल्या.

तीन आठवडे ती एकटीच कापत आणि शिवत राहिली. गठ्ठा निम्म्यावर आला. लेक इस्त्रीच्या टेबलाखाली डोकावून "आज्जी" म्हणायची, तेव्हा ही मशीन थांबवायची. दीड वर्ष लेकराला अंगाखांद्यावर खेळवलेल्या बाईला आपण एका दुपारपायी घराबाहेर काढलं. काय एवढं मोठं झालं होतं?

शेवटी तिनं व्हिडिओ कॉल लावला. घरात दोघी मायलेकीच, त्यामुळे मास्क नव्हता.

"अगं, मजेत आहेत," जाऊबाई म्हणाल्या. "आम्ही काही घरात मास्क लावत नाही बाई. दिवसभर गप्पा चालतात. थांब, देते, माझं दूध उतू जातंय."

आजी दिसताच लेकीनं दोन्ही हातांनी स्क्रीनवर थापट्या मारल्या. धाकटीनं तिचे हात धरले.

"आई, कशा आहात?"

"बरी आहे."

"गुडघा?"

"मोठी तेल लावून देते. उतार आहे."

धाकटी फोनपुढं वाकली. "माझं चुकलं, आई. परत या ना."

सासूबाईंचे डोळे भरून आले. "येईन की. पण पुन्हा बोलणं टाकू नकोस."

टोमणा वर्मी लागला. अबोला धरला कुणी, आणि नाव कुणाचं! तरी तिनं गिळलं. "मी कधी टाकलं बोलणं?"

"चार महिने, बाई. नुसती डोळे मोठे करून बघायचीस."

तेवढ्यात पदराला हात पुसत जाऊबाई त्यांच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावल्या.

"अगं, नुसते ओठ काय हलवतेयस? माइक बंद आहे तुझा! मघापासून इथं एकट्या आईंचाच आवाज येतोय."