आतून काढलेल्या विटा

दफनभूमीची पडलेली भिंत बांधायचं काम गवंड्याकडे आलं. पश्चात्ताप न करता मेलेल्यांना तिथे भिंतीबाहेर पुरत. त्याचे वडीलही बाहेरच होते. परांचीवरून पडून डावा पाय अधू झाल्यापासून ते देवावर असे रुसले, की शेवटच्या घटकेलाही त्यांनी क्षमा मागितली नाही.

"म्हणजे बापाला कायमचं बाहेर ठेवणारी भिंत तूच बांधणार," आई म्हणाली.

"फादर म्हणतात, देवाने त्यांचा न्याय केलाय."

"फादरना पत्र आलं होतं का तसं?"

त्याने भिंत पुरी केली. सकाळी वडिलांच्या कबरीसमोर एक माणूस मावेल एवढी वाट उघडी होती. विटा आतल्या बाजूला नीट रचलेल्या होत्या. एकीचाही कोपरा उडाला नव्हता. सिमेंट धरल्यावर वीट अशी निघत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"कुणाचा तरी चावटपणा," फादर म्हणाले. "पुन्हा बांध."

त्याने बांधली. दुसऱ्या सकाळी वाट पुन्हा तेवढीच उघडी होती. ओल्या मातीत अनवाणी पावलं आतून बाहेर, कबरीपर्यंत गेली होती. परतलेली दिसत नव्हती.

त्याने माती सारखी करून वाट तिसऱ्यांदा बुजवली, आणि सकाळी आईलाच सोबत आणलं.

आज दोन माणसं शेजारी शेजारी चालतील एवढी वाट होती. कबरीपासून आत पावलांच्या दोन जोड्या गेल्या होत्या. एकीच्या डाव्या बाजूला पाऊल नव्हतं, मातीत ओढलेली लांब रेघ होती.

आई वाकली, रेघेवर तळवा ठेवला.

"ह्यांचाच पाय," ती म्हणाली. "माती अजून गरम आहे."