साहेबांची भूमिका

बायकांच्या अंगचटीला येणारा साहेब व्हायला कुणीच तयार नव्हतं.

गिरीश म्हणाला, बायको नाटक बघायला येणार आहे. उदयच्या मुलीचं लग्न जमायचं होतं. तिसऱ्याने इन्स्पेक्टरची भूमिका मागितली. नाटकात इन्स्पेक्टर नव्हता.

वंदना वैतागली. पुण्याहून बदली होऊन भोपाळला आल्यापासून कारखान्याच्या महिला तक्रार समितीची अध्यक्ष तीच होती. समितीकडे आजवर एकही तक्रार आली नव्हती. वरिष्ठांनी त्याबद्दल तिचं कौतुकही केलं होतं. तरी जनजागृती करायची होती. कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या सभागृहात कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं जमणार होती, आणि नाटक वंदनाने स्वतः लिहिलं होतं.

"मी करते," अकाउंट्सच्या मंजूषाताई म्हणाल्या.

"साहेब?"

"हो. मिशी तेवढी आणा."

मंजूषाताई मूळच्या ग्वाल्हेरच्या, निवृत्तीला टेकलेल्या. स्टेजवर त्या कधी चढल्या नव्हत्या. तालमीत त्यांनी सगळे संवाद रेल्वेची घोषणा करावी तसे म्हटले. त्यांच्यासमोर दीप्ती होती, नुकतीच लागलेली ट्रेनी. वंदनाने मनातल्या मनात नाटकावर पाणी सोडलं.

कार्यक्रमाच्या दिवशी कारखान्याचे उपमहाव्यवस्थापक दिघे साहेब यांनी दीप लावला. "आपल्याकडे असले प्रकार होत नाहीत, पण माहिती असलेली बरी," असं बोलून ते पहिल्या रांगेत बसले.

पडदा उघडला. मंजूषाताई खुर्चीवरून उठल्या. टेबलाला वळसा घालून दीप्तीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. चष्मा डोक्यावर चढवला, हलकेच खाकरल्या आणि कॉम्प्युटर बघायच्या निमित्ताने तिच्या खांद्यावर वाकल्या. तालमीत यातलं काहीच नव्हतं. पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत.

नाटक हिंदीत होतं. "बिटिया, गलती तो सबसे होती है," मंजूषाताई म्हणाल्या.

विंगेत वंदनाने पानं उलटली. हे वाक्य तिने लिहिलं नव्हतं.

मंजूषाताई थांबल्या. पुढचं आठवत नसावं. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "इतना घबराती क्यों हो?" आणि मग कॅन्टीनच्या, टायपिंगच्या, सफाईच्या कंत्राटावरच्या बायकांनी वाक्य एका सुरात पूर्ण केलं, "हम तो घर के आदमी हैं."

आता कुणीच हसलं नाही. दिघे साहेबांनी डोक्यावरचा चष्मा हळूच खाली घेतला.

वंदनाने पडदा पाडायला लावला. "ताई, हे काय? आणि आजच का?"

"सोमवारपासून दीप्तीची त्यांच्या हाताखाली बदली आहे."

"मग समितीकडे का नाही आलात? इतक्या जणी आहात, एकीनेही नाही?"

मंजूषाताईंनी मिशी काढली. चिकटवलेल्या जागी ओठ लाल झाला होता. "कुठे यायचं, मॅडम? तुमच्या समितीची बैठक त्यांच्याच केबिनमध्ये असते."

हे खरं होतं. एसी त्या एकाच खोलीला होता, म्हणून वंदनानेच ती मागून घेतली होती. दर वेळी दिघे साहेब सगळ्यांसाठी चहा मागवायचे आणि "मी इथे नाहीच असं समजा" म्हणून कोपऱ्यात फायली चाळत बसायचे. वंदनाला ते फार सभ्य वाटायचे.

तिने पडदा पुन्हा उघडायला सांगितला. माईक हातात घेतला. दिघे तिचेही साहेब होते.

"समितीची बैठक आत्ता, इथेच होईल," ती म्हणाली. "ज्यांना काही सांगायचं आहे त्यांनी थांबावं. एकेकीशी आत बोलू. बाकीच्यांनी बाहेर चहा घ्यावा. दिघे साहेब, आधी तुम्ही."

दिघे साहेब उठले. त्यांच्यामागून पुरुष उठले, मुलांची बोटं धरून घरच्या बायका उठल्या.

कारखान्यातली एकही बाई चहाला उठली नाही.