निदणाचं शेत

"हा पेरणारा कोण?" काळ्या झग्यातल्या माणसाने छापील चित्रावर बोट ठेवलं.

"सैतान, साहेब," मायकेन म्हणाली. "लोक झोपले की गव्हात निदण, म्हणजे तण, पेरून जातो तो. शास्त्रात आहे तसंच."

"सैतान तर मठातल्या बुवांसारखा दिसतोय."

"वाऱ्याने टोपी फुगलीय त्याची. माझी कोरणी घसरली असेल."

बिशपच्या कचेरीतून काल निरोप आला होता : सकाळी माणूस येईल, चित्र तपासेल. तेव्हापासून मायकेनच्या घशाखाली घास उतरला नव्हता. अँटवर्पच्या चौकात नुकतंच एका छापणाऱ्याला जाळलं होतं, तेही एका चित्रापायी. आणि हे चित्र मुळात तिच्या नवऱ्याचं, योरिसचं. नव्या पंथाचा म्हणून तो परागंदा झाला, तेव्हा तांब्याचा पत्रा अर्धाच कोरून झाला होता. पोटासाठी उरलेला तिने पुरा केला.

"आणि मालक नोकरांना काय सांगतोय?"

 याच प्रश्नाची तिला धास्ती होती.

"निदण उपटू नका म्हणतोय. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या."

"म्हणजे पाखंड्यांना जगू द्यावं?"

"छे छे! कापणी सुरू झालीच आहे की, साहेब. राजाची माणसं करताहेतच ना!"

 पुढे केलेल्या बिअरला त्याने हात लावला नाही. मग हलकेच म्हणाला, "योरिस कुठंय?"

"त्या मेल्याचं नाव काढू नका माझ्या घरात. दारात उभा राहिला, तर मीच शिपायांना हाक मारीन."

टेबलाखाली तिची नखं तळहातात रुतली होती.

"त्याने बोलावलं, तरी जाणार नाही?"

"डोकं फिरलंय का माझं?"

"बाई, हे मनापासून बोलताय?"

"येशूची शपथ."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला. चित्राबद्दल बरं-वाईट काही न बोलता जिना उतरून गेला.

मायकेन धावत खिडकीशी गेली. तो खालच्या नदीच्या धक्क्यावर पोचला, एका लहानशा होडीत उतरला आणि नावाड्याशी काहीतरी बोलला. नावाड्याने टोपी नाकापर्यंत ओढली होती. त्याने मान वर करून तिच्या खिडकीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून दोर सोडला. ओहोटी लागली होती. होडी बघता बघता वळणाआड गेली.

सुटले बाई, ती पुटपुटली. आता कुठे तिला भूक जाणवली. तिने पावाचा तुकडा मोडला, तोच दारावर थाप पडली.

दारात एक जाडजूड पाद्री धापा टाकत उभा होता.

"बिशपसाहेबांच्या कचेरीतून आलोय," तो म्हणाला. "माफ करा हं बाई, यायला जरा उशीरच झाला. कुठंय ते चित्र?"