शाळेची खूण

पडद्यावर टेकडीभोवती निळं वर्तुळ उमटलं आणि तिने खुर्ची पुढे ओढली.

निळं म्हणजे खाण. लाल म्हणजे बांधकामं, खडीची मागणी. करडा ठिपका म्हणजे दगड फोडून खडी करणारा क्रशर. वाढत्या शहराला खडी कुठून आणायची, याचा हा नकाशा तिच्याच टेबलावर होता.

टेकडीच्या पायथ्याशी मावशींचं पाळणाघर होतं. तिची लेक तिथेच असायची. जरा धूळ उडाली की पोरीची छाती शिट्टी वाजवायची. तीन पाळणाघरांनी हात जोडले होते. मावशींनी मात्र तिला ठेवून घेतलं होतं.

शाळेजवळ सुरुंग लावायला बंदी होती. पाळणाघराला असा कुठलाच नियम नव्हता.

साहेब जेवायला गेले. तिने पायथ्याशी, पाळणाघराच्या जागेवरच, शाळेची खूण ठोकली. ‘विद्यार्थिसंख्या?’ पडद्याने विचारलं. मुलं होती अकरा. अकरा मुलांच्या शाळेला कोण भीक घालतंय? तिने आकडा टाकला : आठशे.

साहेब परतले. चष्मा खाली ओढून वाकले.

“ही शाळा कुठून उगवली?”

“नवी आहे, साहेब.”

“आठशे पोरं, आणि आपल्याला पत्ता नाही. कमाल आहे. काढा ती खाण. नाहीतर सुरुंगाच्या दणक्याने पोरं पाढे विसरायची.”

निळं वर्तुळ गेलं. तिने बाहेर जाऊन फोन लावला.

“खोकतेय का हो, मावशी?”

“अगं, सकाळपासून चौथा फोन. मागच्या मैदानात मजेत खेळतेय. तूच जरा पाणी पी.”

ती हसली. जागेवर येऊन बसली, तरी पाय हलतच होता.

“आता नवी शाळा धरून नकाशा पुन्हा चालवा,” साहेब म्हणाले.

तिने कळ दाबली. पायथा गुलाबी झाला, मग लाल, मग गडद लाल.

“बघा,” साहेब खूश झाले. “आठशे पोरं म्हणजे घरं किती, रस्ते किती! शाळा आली की वस्ती आलीच. अख्ख्या शहरात सगळ्यात जास्त मागणी इथेच. दगड लांबून आणू, फोडू मात्र इथेच.”

“पण साहेब, शाळा...”

“नियम सुरुंगाला आहे हो. क्रशरला कुठे?”

यंत्राने क्षणभर मोकळी जागा शोधली आणि करडा ठिपका ठेवला. शाळेच्या मागच्या मैदानात.